पॅकिंग बदललं तरी ऑइल गळतंच आहे? मग आधी वर बघा

गाडीखाली काळा डाग दिसला की गॅरेजमध्ये ठरलेला संवाद होतो. "ऑइल गळतंय." "चेंबरचं पॅकिंग गेलं असणार, टाकून देऊ नवीन." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी. तिच्या सांध्यात नवीन पॅकिंग पडतं, पैसे चुकते होतात, काही आठवडे फरशी कोरडी राहते आणि डाग पुन्हा हजर. दुसऱ्या फेरीत निदान थेट शेवटच्या टोकाला जातं: "मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, आत दडलेलं असतं, त्यामुळे खर्च शेकड्यांतून हजारांत उडी मारतो. तेवढं करूनही डाग पडलाच, तर माणूस गाडी विकायच्या गोष्टी बोलायला लागतो.

हे सगळं त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अडकलेल्यांसाठी लिहितोय. परत परत होणाऱ्या गळतीमागे बहुतेक वेळा दोनच भानगडी निघतात. एक तर ऑइल जिथे ठिबकतंय तिथलं पॅकिंग बदललेलं असतं, पण ते निघत असतं भलतीकडूनच. नाहीतर जागा बरोबर असते, पण इंजिनच्या आत दाब साचत असतो आणि तो नवीन पॅकिंगलाही टिकू देत नाही. दोन्ही गोष्टी घरी, पार्किंगमध्ये, फारशी हत्यारं नसताना तपासता येतात.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का

रात्री गाडीखाली एक मोठा, पांढरट पुठ्ठा सरकवा. पुढची चाकं कुठे येतात ते पुठ्ठ्यावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या बाजूला पडला ते सांगता येतं. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं आणि पाण्यासारखं पसरतं. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ऑइलला एक उग्र, गंधकासारखा वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. डाव्या बाजूला नुसतं स्वच्छ पाणी पडत असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. ब्रेक ऑइलचा संशय आला, म्हणजे फिकट पिवळसर द्रव आणि डबीतली पातळी उतरलेली, तर गाडी जागेवरून हलवू नका.

पावसाळ्यात एक घोळ होतो. ओल्या फरशीवर ऑइलचा एक थेंब पडला तरी हातभर इंद्रधनुषी तवंग पसरतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. म्हणजे इंजिन चालू असताना मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर तासाला तीन मिलिलिटर. डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत छोट्या गाड्यांत सर्वसाधारणपणे पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. तेव्हा डाग बघून घाबरण्यापेक्षा डिपस्टिक बघा: गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर, कांडी एकदा पुसून, पुन्हा घालून. आठवड्याला एकदा, त्याच जागी, आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पातळी उतरतेय पण खाली डाग नाही, असं असेल तर गळती शोधत बसू नका. ते बहुधा जळतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघा.

थांबायचं कधी, तेही सांगतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर तो पातळी कमी झाल्याचं नाही, दाब पडल्याचं सांगतोय. तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणालात तर बेअरिंग जातात. दुसरं, ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपवर) पडून जळका वास आणि बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल, तर ती आगीची शक्यता आहे. ते काम लांबणीवर टाकायचं नाही.

धुतल्याशिवाय शोधायचं नाही

ऑइल वरून खाली येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी चालताना रेडिएटरकडून येणारा वारा ते मागेही ढकलतो, त्यामुळे हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) पुढच्या कोपऱ्यातून निघालेला ओघळ ब्लॉकवरून तिरका उतरतो, चेंबरच्या कडेने फिरतो आणि सर्वांत खालच्या नटाच्या टोकावरून टपकतो. खाली झोपून बघणाऱ्याला दिसतो तो नट आणि चेंबर. सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा कोणती, हा प्रश्न विचारायचा असतो. आणि सगळं इंजिनच काळं-चिकट असेल तर त्या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून आधी धुणं. इंजिन पूर्ण थंड हवं. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीझर मारा, जुन्या ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने इंजिन धुवून घेऊ नका. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की ऑइलच्या गळतीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. गॅरेजमध्ये बऱ्याचदा डिझेल मारून धुतात. स्वस्त आहे, मळ निघतो, पण डिझेलचा थर मागे राहतो आणि तोच दोन दिवस ओघळत राहून आपल्याला चकवतो. डिझेल वापरलं असेल तर नंतर साबणाचं पाणी आणि कोरडा कपडा हवाच. पेट्रोलने धुणारेही भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढा. हे कव्हर म्हणजे चोराचा साथीदार. वरून आलेलं ऑइल त्यात साठतं, उतार मिळेल तिकडे वाहतं आणि खऱ्या जागेपासून फूटभर लांब गळतं. त्याला आतून ध्वनिरोधक फोम लावलेला असेल तर तो ऑइल पिऊन बसतो आणि दुरुस्ती झाल्यावरही कित्येक दिवस सोडत राहतो. "पॅकिंग टाकलं तरी गळतंय" या तक्रारीतल्या काही गाड्यांना खरं तर काहीच झालेलं नसतं, फक्त हे कव्हर धुतलेलं नसतं.

इंजिन कोरडं झालं की संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. घरातली कुठलीही चालते. नवीन रंगाच्या ब्रशवर घेऊन फुंकली तर एकसारखा पांढरा थर बसतो. पंख्याच्या आणि बेल्टच्या वाटेत टाकू नका. मग गाडी पाच-दहा किलोमीटर चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या, आणि परत येऊन बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्या थरावर गळतीची रेघ उमटलेली असते, आणि ती रेघ बोटाने वर वर नेली की जिथे संपते ती जागा. हेडच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), डोकं घालता येत नाही. तिथे मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. सेल्फी स्टिक यासाठी लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी आहे.

गळती अगदी बारीक असेल आणि पावडरीने कळत नसेल तर यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ऑइलमध्ये टाकायचा, गाडी थोडी फिरवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं. गळती हिरवट-पिवळी चमकते. सोबत मिळणारा पिवळा चष्मा लावलात तर अजून स्पष्ट. पण डाय टाकण्याआधीही इंजिन धुतलेलं हवं.

संशयित, वरून खाली

सर्वांत आधी ऑइल भरायचं झाकण. त्याचं रबर कडक झालेलं असतं किंवा सर्व्हिसिंगमध्ये ऑइल ओतताना सांडलेलं असतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच दिसलेला ओघळ बऱ्याच वेळा एवढाच निघतो.

मग टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण. पेट्रोल गाडीत, सात-आठ वर्षांनंतर, पहिला संशय इथेच घ्यावा असं माझं मत आहे. वर सर्वांत जास्त उष्णता आणि पॅकिंग रबराचं. जुनं पॅकिंग काढताना ते लवचिक रिंगसारखं न निघता बिस्किटासारखं तुकड्या-तुकड्यांनी निघालं, तर समजायचं की ते कधीच मेलं होतं. कोपरे नीट बघा, विशेषतः जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा पॅकिंगला आडवा छेद देतो. तीन भाग एकत्र येतात ती जागा सर्वांत आधी सुटते. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध खोल नळीत बसतात, तिथे आतली पॅकिंग गेली तर बाहेर एक थेंब दिसत नाही, पण प्लगच्या विहिरीत ऑइल साठतं आणि गाडी मिस करायला, म्हणजे झटके खायला लागते. प्लग काढायच्या आधी ते ऑइल टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरतं.

हेडच्या टोकाला कॅम पोझिशन सेन्सर असतो, जुन्या गाड्यांत त्या जागी डिस्ट्रिब्युटर. दोन्हीला एक ओ-रिंग असते, किंमत चहा-नाश्त्याइतकी. अनेक गाड्यांत ही जागा बरोबर गिअरबॉक्सच्या वर येते. इथून गळलेलं ऑइल बेल हाउसिंगवरून (क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कव्हरवरून) उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. खालून बघणाऱ्याला ते शंभर टक्के मेन सील वाटतं.

ऑइल प्रेशर स्विच, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ऑइल स्विच, दोन ठिकाणी गळतो. आट्यांतून, आणि स्वतःच्या पोटातून. दुसरा प्रकार ओळखायचा असेल तर त्याची वायर काढून कनेक्टरच्या आत बघा. तिथे ऑइल दिसलं तर स्विच बदला, घट्ट करून काही होणार नाही. कधी कधी ऑइल वायरच्या आतून वर चढलेलंही सापडतं.

ऑइल फिल्टरची एक गळती मात्र बेक्कार असते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर त्याच्यावर चढवला जातो. दोन रिंगा एकावर एक. गाडी सुरू केल्यावर ठीक वाटतं आणि पहिल्या जोरदार रेसला ऑइलची धार लागते. ताजी सर्व्हिसिंग झालेली गाडी अचानक भरपूर गळायला लागली तर पहिल्यांदा हे बघा. फिल्टर हाताने बसवायचा, रिंग टेकली की पुढे साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही.

क्रँक पुलीमागचं पुढचं सील गेलं तर खूण वेगळी: ऑइल ओघळत नाही, पुली ते भिरकावते. त्यामुळे फॅनबेल्टच्या रेषेत, आतल्या मडगार्डवर एक पट्टा उमटतो. टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि ऑइल त्या कव्हरच्या आत असेल तर ताबडतोब उघडा. ऑइल लागलेला बेल्ट मुदतीआधी तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

डिझेलवाल्यांनी टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप आणि ऑइल कूलरचं पॅकिंग यादीत घ्यावं. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून मात्र टर्बो गेला असं होत नाही.

चेंबर सर्वांत शेवटी. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांची कृपा असल्यामुळे खरवडलेलं, पोचा आलेलं चेंबर दुर्मीळ नाही, आणि कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत पत्र्याचं चेंबर गंजून बारीक भोकही पडतं. ड्रेन नटचा वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, आणि दर ऑइल बदलाला नवा टाकायचा असतो. तो न बदलता नट जास्त आवळत राहिलं की एक दिवस आटे जातात. मग आट्यांत इन्सर्ट बसवून घेणं किंवा चेंबर बदलणं, एवढेच पर्याय. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून चालवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. त्या टेपचे धागे आत गेले तर कुठे जाऊन अडकतील सांगता येत नाही.

दाजींची गाडी, आणि तो न वाजणारा व्हॉल्व्ह

माझ्या दाजींच्या पेट्रोल हॅचबॅकचं प्रकरण या सगळ्याचं चांगलं उदाहरण आहे. गाडी लाखाच्या जवळ चाललेली, रोजचा वापर घर ते दुकान, म्हणजे इंजिन जेमतेम तापतंय तोवर बंद. डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. चेंबरचं पॅकिंग बदलून झालेलं. नंतर कोणीतरी टॅपेट कव्हरचंही बदललेलं. तरी गळती चालूच, म्हणून मेन सीलचा सल्ला मिळालेला.

धुवून, पावडर टाकून गाडी फिरवली. बेल हाउसिंगच्या वरच्या पाठीवर पांढऱ्यावर काळी रेघ, वर हेडच्या मागच्या कोपऱ्यात संपणारी, टॅपेट कव्हरच्या नव्याकोऱ्या पॅकिंगशी. म्हणजे टॅपेट कव्हर बदलणारा जागेबाबत बरोबर होता. मग नवं पॅकिंग का गळावं?

इंजिनात पिस्टनच्या कडेने जळक्या वायूचा थोडा भाग कायम खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या पोकळीत, उतरतो. चांगल्या इंजिनातही. तो बाहेर काढायला वाट नसेल तर आत दाब वाढतो आणि ऑइल जिथे सापट सापडेल तिथून बाहेर ढकललं जातं. पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्रदूषणाच्या कारणाने तो पुन्हा इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) ओढून जाळायची पद्धत गाड्यांत आली, आणि तेव्हापासून तिथे पीसीव्ही नावाचा एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह बसतो. तो टॅपेट कव्हरवर किंवा ब्लॉकवर असतो, आणि त्याचा होज इनटेक मॅनिफोल्डला जातो. दुसरा एक ब्रीदर पाइप कव्हरवरून एअर फिल्टरच्या दिशेला.

इंजिन आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरला. व्हॉल्व्ह नीट असेल तर हातमोजा किंचित आत ओढला जातो. इथे तो फुगून पाच बोटं उभी राहिली. दाजी हसले, पण उत्तर मिळालं होतं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह आतल्या सुईमुळे खुळखुळतो, हा मुका. होजच्या आत पिठल्यासारखा पिवळट चिकटा, ऑइल आणि पाण्याच्या वाफेचा. रोज दीड-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, त्यातून पावसाळ्यात, हे जमणारच. इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही.

व्हॉल्व्ह नवा टाकला, दोन्ही पाइप धुवून फुंकून घेतले, मगच टॅपेट कव्हरचं पॅकिंग पुन्हा बसवलं. मेन सीलला हातही लावला नाही. फरशी कोरडी आहे.

हा हातमोज्याचा प्रयोग साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला बरोबर लागू पडतो. झाकण काढल्यावर आयडल थोडं डगमगलं तर घाबरू नका, आणि काही इंजिनांत तिथून ऑइल उडतं, म्हणून भोवती कपडा ठेवा. शर्टाची बाही, ओढणी बेल्टपासून लांब. व्हॉल्व्ह आणि दोन्ही पाइप साफ असूनही हातमोजा फुगत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्याचा संशय घेऊन कॉम्प्रेशन तपासून घ्या. मग पॅकिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

फक्त घाट चढल्यावर किंवा हायवेला पळवल्यावरच गळती होते, शहरात नाही, अशी तक्रार असेल तर ब्रीदर पाइप आधी बघा. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ नाहीशी होते आणि सगळा वायू या दुसऱ्या पाइपने निघायला बघतो. तो दबलेला किंवा तुंबलेला असेल तर आंबोली चढून वर जाईपर्यंत इंजिन घाम गाळायला लागतं. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडणं हीदेखील याच घराण्यातली खूण. आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर आधी ते काढून बरोबर करा. जास्त ऑइल क्रँक घुसळते, फेस होतो, आणि गळती वाढते.

पॅकिंग बसवताना

इथे घाई केलेली दिसते. जुना चिकटा स्क्रूड्रायव्हरने खरवडला की ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा म्हणजे ऑइलला दिलेली कायमची वाट. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर घ्या, आत तुकडे पडू नयेत म्हणून उघड्या जागी कपडा कोंबा (आणि नंतर आठवणीने काढा), शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या करा. ओलसर पृष्ठभागावर कुठलाही सिलिकॉन धरत नाही.

खाचेत बसणाऱ्या रबरी पॅकिंगला गोल फिरवून सिलिकॉन लावायचा नसतो. फक्त सांध्यांच्या कोपऱ्यांत, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, एकेक छोटा ठिपका. "जरा जास्तच लावला, आता बापजन्मात गळणार नाही" असं म्हणणाऱ्या हातांपासून गाडी वाचवा. बाहेर आलेला जादा सिलिकॉन तेवढाच आतही जातो, सुटतो, चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. ट्यूबवर सुकायचा जो वेळ लिहिलाय तो पाळा. बऱ्याच सिलिकॉनना पूर्ण पक्कं व्हायला चोवीस तास लागतात. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलंय म्हणून अर्ध्या तासात ऑइल भरलं, तर ती दुरुस्ती तिथेच फुकट गेली.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आडवे-उभे, दोन टप्प्यांत आवळायचे. टॅपेट कव्हरचे बारीक बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. हा जोर फार कमी आहे: रॅचेटचं डोकं मुठीत धरून मनगटाने आवळाल तेवढा. बऱ्याच कव्हरच्या बोल्टांना खांदा असतो, तो टेकला की पुढे आवळून पॅकिंग अधिक दबत नाही, बोल्टच तुटतो. त्या बोल्टांखालचे रबरी वॉशर जुने राहिले तर नवं पॅकिंग टाकून उपयोग नाही. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टाच्या भोकांभोवती खोलगट झालेली असते, आधीच्या कोणीतरी जोर लावल्यामुळे. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केल्याशिवाय चेंबर बसवलं, की पुढचा डाग ठरलेला.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, हँडब्रेक, चाकांना दगड. काढलेलं ऑइल गटारात नाही, कॅनमध्ये, आणि ते वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर टाकून ठेवला तर बराचसा शोषला जातो.

गळतीबंद औषधाच्या बाटल्यांबद्दल विचारणा होतेच. त्यातलं रसायन कडक झालेल्या रबरी सीलला थोडं फुगवतं, म्हणून जुन्या क्रँक सीलची बारीक गळती काही काळ कमी होऊ शकते. तुटलेल्या ओ-रिंगवर, सुटलेल्या पॅकिंगवर किंवा ओरखड्यावर त्याचा काहीही परिणाम नाही. गळतंय म्हणून जाड ऑइल भरणं त्याहून वाईट. 0डब्ल्यू-20 साठी बनलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतलं तर थेंब थोडे सावकाश पडतील, पण सकाळी गार इंजिनात वरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागेल आणि झीज तिथे होईल.

खरंच मेन सील असेल तर

सगळं तपासून झालं, बेल हाउसिंगची वरची पाठ आणि हेडचा मागचा भाग कोरडा ठणठणीत, तरी सांध्याच्या तळातून ऑइल येतंय, तर मग मेन सीलचा संशय घ्यायचा. बेल हाउसिंगला तळाशी तपासणीचं भोक किंवा छोटी पट्टी असते, तिच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. त्याला काळं इंजिन ऑइल लागलं तर मेन सील, गंधकाच्या वासाचं स्वच्छ ऑइल लागलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. काम दोन्हीला गिअरबॉक्स उतरवायचंच, पण कुठलं सील आणायचं ते आधी कळतं. चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढी पुढे जात नाही, असं व्हायला लागलं असेल तर ऑइल क्लच प्लेटवर पोचलं असण्याची शक्यता आहे.

ठिबक अगदी बारीक असेल, महिन्याला डिपस्टिकवर फरक दिसत नसेल आणि क्लच घसरत नसेल, तर मी मुद्दाम गिअरबॉक्स उतरवणार नाही. पातळीवर नजर ठेवायची आणि क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा दोन्ही एकत्र. सीलची किंमत किरकोळ असते, मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवण्याची.

ते काम काढाल तेव्हा मिस्त्रींना दोन गोष्टी बघायला सांगा. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने घासून गोल खाच पडली आहे का? पडली असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसून पुन्हा गळेल. जागा असेल तर ते एखाद-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवावं लागतं, किंवा क्रँकवर पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवावी लागते. दुसरं, काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बोल्टांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. त्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही, तर सील नवंकोरं असूनही ऑइल बोल्टांच्या आट्यांतून येत राहतं. हे दोन्ही गिअरबॉक्स खाली असतानाच दिसतं.